बोंडलं ते सिपर : बाळाच्या भांड्यातली न दिसणारी जागा



चातुर्मास लागला की आपल्या बायकांची नजर आपोआप बारीक होते. पापडाचा डबा, लोणच्याची बरणी, खाकऱ्याचं पुडकं, मोरीतल्या पाटाची खालची बाजू, कुठे लीलन-फूलन धरत नाही ना, हे बघत राहायचं. यंदा आमच्या महिला मंडळात मात्र विषय निघाला तो बाळाच्या सिपरवरून. एका तरुण मैत्रिणीने झाकणातला छोटा पांढरा वॉल्व्ह सेफ्टी पिनने ओढून काढला, तर तो आतून काळा पडलेला. ती बिचारी रोज गरम पाण्याने, साबण लावून धुते. तरी दोघीतिघींच्या तोंडून एकदम तेच आलं, "अगं, नीट धूत नाहीस का?"

मला हा प्रश्न खटकला. बाळाच्या भांड्याला वास आला, बुरशी धरली, बाळाचं पोट बिघडलं की जाब आईला विचारायचा, भांड्याला नाही, ही रीत फार जुनी आहे. निदान दीडशे वर्षांची. आणि जितकी जुनी तितकीच अन्यायाची, असं मला या विषयावर वाचत गेल्यावर वाटायला लागलं. म्हणून आज पाककृती नाही, पचक्खाणाबद्दलच्या शंका नाहीत. आज बाळाच्या दूधपाण्याच्या भांड्यांचा इतिहास.

सुरुवात आपल्या बोंडल्यापासून करते, कारण बाकी सगळी भांडी मी त्याच्याशीच ताडून बघणार आहे.

बोंडलं हा शब्द आता बारशाच्या आहेरापुरता उरला आहे. सराफाकडून चांदीचं बोंडलं येतं, कपाटात जातं आणि तिथेच काळं पडतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पणतीपेक्षा जरा मोठी वाटी आणि तिच्या एका बाजूला ओढून काढलेली लांबट चोच. चोच वरून उघडी, पन्हाळीसारखी. बाळाला मांडीवर डोकं उंच ठेवून घ्यायचं, चोच ओठाच्या कडेला टेकवायची आणि त्याच्या गिळण्याच्या वेगाने थोडं थोडं दूध सोडायचं. कर्नाटकातल्या आपल्या बहिणी याला ओळले म्हणतात, आंध्रात उग्गुगिन्ने, तमिळनाडूत पालाडै. बंगालात शिंपल्याच्या आकाराचा झिनुक असतो आणि त्याच्या जोडीला वाटी. नावं वेगळी, पण कल्पना एकच. आपल्या देशातल्या इतक्या दूरदूरच्या घरांतल्या बायकांना एकाच आकाराचं भांडं योग्य वाटलं, हे मला फार बोलकं वाटतं.

आमच्या आजेसासूबाईंचं बोंडलं पितळेचं होतं, कल्हई केलेलं. त्या राखेने घासायच्या आणि तुळशीच्या कट्ट्यावर पालथं घालायच्या. त्यात बुरशी धरली, असं कधी कुणी म्हटलं नाही. त्यांचा हात चांगला होता हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या भांड्यात लपायला जागाच नव्हती. आतली सगळी बाजू डोळ्यांना दिसते. बोट सगळीकडे पोचतं. पाणी निथळून जातं आणि ऊन थेट तळाला लागतं. एवढ्या चार गोष्टी जमल्या की भांडं स्वच्छ ठेवणं सोपं, नाही जमल्या की अवघड. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या चार गोष्टी एकेक करून कशा हातच्या गेल्या, त्याची हकिगत आहे.

बोंडल्याचं उगाच कौतुक करायचं म्हणून हे सांगत नाही. नाक दाबून, रडत्या बाळाच्या घशात बोंडलं रिकामं करायची एक वाईट पद्धत होती. त्याने दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. शिवाय पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काहीच लागत नाही, पाणीसुद्धा नाही, हे डॉक्टर सांगतात ते खरंच आहे. पण कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला ओढून पिता येत नाही तेव्हा आईचं दूध काढून वाटी-चमच्याने किंवा पालाडैने पाजतात, ते आजही आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांच्या नवजात विभागांत चालतं. म्हणजे हे भांडं मागासलेलं म्हणून गेलं, असं कुणी समजू नये.

आता जरा लांब जाऊ. जर्मनीच्या बव्हेरिया भागात लहान मुलांच्या थडग्यांमध्ये मातीची छोटी, चोचीची भांडी सापडली. इसवीसनापूर्वी सुमारे १२०० ते ४५० या काळातली. कुणी म्हणे आजाऱ्यांसाठी असतील, कुणी म्हणे बाळांसाठी. २०१९ साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या ज्युली डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन भांड्यांच्या आत मुरलेल्या स्निग्धांशाची तपासणी करून 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. त्यात रवंथ करणाऱ्या जनावरांच्या, म्हणजे गाय-बकरीसारख्या प्राण्यांच्या दुधाचे अंश निघाले. एवढ्या वर्षांनी दुधाचा अंश मातीत टिकून राहिला, हे वाचून शास्त्रज्ञांना आनंद झाला असेल. मला मात्र आधी हेच सुचलं की कच्च्या छिद्राळ मातीत दूध मुरतं आणि कितीही धुतलं तरी जात नाही. ती आई काय करत असेल? चूल पेटती असेल तर भांडं तापवत असेल, एवढाच उपाय.

युरोपात पुढे गायीच्या पोकळ शिंगाच्या टोकाला भोक पाडून त्यातून मुलांना दूध पाजत. मग आल्या होडीच्या आकाराच्या उघड्या वाट्या, ज्यांतून पातळ पेज भरवायची. या वाट्या म्हणजे जवळजवळ बोंडलंच. पण १७७० साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातल्या ह्यू स्मिथ नावाच्या डॉक्टरांनी जस्त-कथलासारख्या दिसणाऱ्या प्यूटर धातूची एक छोटी किटली बनवली. नळी लांब, टोकाला चाळणीसारखी भोकं आणि त्या टोकावर कापडाची चिंधी बांधायची. बाळ ती चिंधी चोखणार. हेतू चांगला होता, बाळाला त्याच्या वेगाने पिता यावं. पण नळी बंद झाली, भोकं बारीक झाली आणि वर कायम दुधाने भिजलेली चिंधी आली. पहिल्यांदाच आतली बाजू डोळ्याआड गेली.

१८४० नंतर रबर आलं. १८४५ साली न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅटने रबरी निपलचं पेटंट घेतलं. काचेच्या बाटल्याही स्वस्त व्हायला लागल्या होत्या. आणि १८६० च्या आसपास इंग्लंड-अमेरिकेत एक बाटली बाजारात आली, जिच्याबद्दल वाचताना मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही.

दिसायला ती देखणी. काचेची, चपटी, कासवासारखी, आडवी ठेवता येणारी. बुचातून एक काचेची नळी आत गेलेली. बाहेर त्या नळीला जोडलेली लांबलचक रबरी नळी आणि तिच्या टोकाला निपल. बाटली पाळण्यात ठेवायची, निपल बाळाच्या तोंडात द्यायचं, आई कामाला मोकळी. बाळाला कुशीत घ्यायला नको, बाटली धरायला नको. नावंही किती लाडाची! 'अलेक्झांड्रा', 'प्रिन्सेस', 'माय लिटल पेट'. अलेक्झांड्रा हे तर तिथल्या युवराज्ञीचं नाव, म्हणजे राजघराण्याचा तोरा आयताच मिळाला.

आता ती रबरी नळी डोळ्यांसमोर आणा. आत दूध, साखर, पीठ कालवलेली पेज. नळी अरुंद, वाकडी, अपारदर्शक. ब्रश आत जात नाही, बोट जात नाही, ऊन जात नाही. पाणी ओतलं तर मधून वाहून जातं आणि कडेचा चिकट थर तसाच राहतो. वर उन्हाळा आणि फ्रीज कुठला! दूध शहरात येईपर्यंतच निम्मं बिघडलेलं. नळीतल्या त्या थरात जंतू वाढायचे आणि पुढचं ताजं दूध त्यातूनच बाळाच्या पोटात जायचं. डॉक्टर लोक या बाटल्यांना उघड उघड खुनी बाटल्या म्हणायला लागले. या बाटल्यांनी किती मुलं नेली याचे भडक आकडे मोबाइलवर फिरतात, ते मी इथे देत नाही. त्यांवर विश्वास ठेवला तर त्या देशात कुणी मोठं झालंच नाही असं म्हणावं लागेल. पण नोंदलेला आकडा पुरेसा वाईट आहे. १८९९ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १६३ मुलं वर्षाच्या आत गेली. कारणं पुष्कळ होती, दाटीची वस्ती, घाणेरडं पाणी, भेसळीचं दूध. उन्हाळ्यातले जुलाब त्यांत मोठे, आणि त्या जुलाबांत वरच्या दुधावरची मुलं अधिक सापडत.

आणि तरीही या बाटल्या खपत राहिल्या. इथे आपण नेहमीची चूक करतो, 'त्या काळच्या बायका अडाणी' म्हणून मोकळ्या होतो. जरा थांबा. १८६१ मध्ये इझाबेला बीटन या तरुणीचं घरसंसारावरचं जाडजूड पुस्तक इंग्लंडात निघालं. नवी नवरी सासरी जाताना जे पुस्तक नेई, त्यातलं हे. त्यात बाटलीने दूध पाजण्याबद्दल सल्ला आहे की निपल एकदा नीट बसवलं की ते बदलेपर्यंत काढायची गरज नाही, आणि बदलायचं ते साधारण पंधरवड्याने. जपून वापरलं तर काही आठवडेही चालेल. पंधरवडा! आपण दूध नासलेली पातेली पंधरा मिनिटं ठेवत नाही.

पण बीटनबाई दुष्ट नव्हत्या आणि मूर्ख तर नव्हत्याच. हे पुस्तक निघायच्या चार वर्षं आधी त्यांचं पहिलं मूल तान्हेपणीच गेलं होतं. पुढे दुसरंही गेलं आणि चौथ्या बाळंतपणात, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्या स्वतः गेल्या. पाश्चरचं जंतूंवरचं काम त्याच सुमाराला चाललं होतं, घराघरांत पोचायला अजून अवकाश होता. घरातली बाई त्या पुस्तकावर विसंबून वागली तर ती निष्काळजी कशी? तिला जे सांगितलं ते तिने केलं. भांडंच असं बनवलं होतं की काळजी घ्यायची कुठे, तेच दिसत नव्हतं. गिरणीत बारा तास उभ्या राहणाऱ्या बाईला तर घरी राहून मांडीवर घेऊन पाजायची सोयच नव्हती. लहान बहिणीच्या नाहीतर शेजारच्या म्हातारीच्या हवाली मूल करून ती जायची, आणि ती नळी त्या दोघींनाही सोयीची.

मग या बाटल्या गेल्या कशा? उपदेशाने नाही. डॉक्टर वीस-तीस वर्षं ओरडत होते, तरी दुकानांत त्या मिळतच होत्या. फ्रान्सने शेवटी ६ एप्रिल १९१० च्या कायद्याने लांब नळीच्या बाटल्यांची विक्रीच बंद केली. त्याआधी तिथेच, नॉर्मंडीतल्या फेकाँ गावी लेओं द्युफूर या डॉक्टरांनी १८९४ मध्ये गरीब आयांसाठी दूधकेंद्र काढलं होतं. तिथे निर्जंतुक केलेलं दूध बाटल्यांतून मिळे, प्रत्येक वेळच्या पाजण्याला वेगळी बाटली. इंग्लंडात तसं पहिलं केंद्र सेंट हेलन्स गावी १८९९ मध्ये निघालं. घरच्या आईवरचं धुण्याचं ओझं कुणीतरी आपल्या अंगावर घेतलं, ही यातली मोठी गोष्ट.

बाटली बनवणाऱ्यांनाही उशिरा का होईना अक्कल आली. १८९० च्या दशकात अ‍ॅलन अँड हॅनबरीज या लंडनच्या कंपनीने केळ्याच्या आकाराची, दोन्ही टोकांना उघडी बाटली आणली. एका टोकाला निपल, दुसऱ्या टोकाला हवेसाठी रबरी वॉल्व्ह. दोन्ही काढले की मधून आरपार दिसतं, नळाखाली धरली की पाणी सरळ वाहून जातं, ब्रश या टोकातून घालून त्या टोकातून काढता येतो. नळी नाहीच. ही बाटली पुढची पन्नास एक वर्षं घराघरांत राहिली. तिच्या जाहिराती मी पाहिल्या, त्यांत भर सगळा स्वच्छ धुता येण्यावर आहे. बोंडल्याचे चार गुण तिने काचेत परत आणले, असं माझं मत.

आपल्या देशात बाटलीची जाहिरातच करता येत नाही, हे कितीजणींना माहीत आहे? १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. बाळाच्या दुधाची पावडर आणि दूध पाजायच्या बाटल्या यांची जाहिरात, फुकट नमुने, रुग्णालयात वाटप, सगळ्याला बंदी. म्हणून टीव्हीवर बाटली दिसत नाही. पण वर्षभराच्या मुलाचे कप, सिपर, स्ट्रॉच्या बाटल्या मात्र रंगीबेरंगी दिसतात आणि आपल्या सुना-लेकी त्या हौसेने आणतात. आणोत. मूल चालायला लागलं की पेला हातात घेऊन घरभर फिरतं आणि मागे मागे पोतेरं घेऊन कोण फिरतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

न सांडणारा कप हाही एका आईच्याच नजरेतून आला आहे. म्हणजे चोचीचे झाकणवाले कप आधीपासून होते. अमेरिकेत रिचर्ड बेलांजर नावाच्या अभियंत्याने आपल्या मुलाच्या सांडलवंडीला कंटाळून १९८० च्या दशकात एक कप तयार केला आणि तो प्लेटेक्स कंपनीने बाजारात आणला. पण आज आपण ज्याला वॉल्व्हचा सिपर म्हणतो, त्याची गोष्ट सांगायची तर इंग्लंडच्या मँडी हॅबरमन यांचं नाव घ्यावं लागतं. त्यांची मुलगी १९८० मध्ये जन्मली ती टाळूचा दोष घेऊन. तिला चोखून पिता येईना. हॅबरमनबाईंनी तिच्यासाठी एक खास बाटली घडवली. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांसाठी ती बाटली पुढे रुग्णालयांतून वापरली जाऊ लागली. नंतर १९९० मध्ये एका घरी त्यांनी पाहिलं की एक चिमुरडी गर्द जांभळ्या रसाचा कप घेऊन फिक्या रंगाच्या गालिच्यावर फिरते आहे आणि तिच्या आईचा जीव खालीवर होतो आहे. त्यातून त्यांना सुचला चिरेचा वॉल्व्ह. लवचीक पडद्याला एक बारीक चीर. मूल ओढतं तेव्हा चीर उघडते, सोडलं की ओठांसारखी मिटते. कप उलटा केला, झटकला, पिशवीत टाकला तरी थेंब गळत नाही. बऱ्याच कंपन्यांनी त्यांना परत पाठवलं. मग बाईंनी काय केलं, तर रस भरलेला कप पांढऱ्या खोक्यात घालून एका मोठ्या दुकानसाखळीला टपालाने धाडला. खोकं कोरडं पोचलं आणि ऑर्डर आली. मला ही गोष्ट फार आवडते. असला पुरावा बाईच देऊ जाणे.

पण ज्या चिरेमुळे गळत नाही, त्याच चिरेमुळे ती वाळतही नाही. हे नीट समजून घेऊ या. चीर मिटली की तिच्या दोन ओठांमध्ये दुधाचा, सरबताचा, नाचणीच्या पेजेचा एक अंश अडकतो. बाहेरून साबणाचं पाणी फिरलं तरी मिटलेल्या चिरेत ते शिरत नाही. बुरशीला काय लागतं? हवेतून येणारा बीजाणू, जो सगळीकडेच असतो. थोडं अन्न. ओल. आणि वेळ. पहिल्या तीन गोष्टी त्या चिरेत आयत्या आहेत आणि वेळ रात्रभराचा मिळतो. पावसाळ्यात तर ओटाच सुकत नाही तिथे ती चीर काय सुकणार. पुढे बुरशीचे तंतू सिलिकॉनच्या पृष्ठभागात रुतले की काळे ठिपके घासून जात नाहीत. व्हिनेगर, लिंबू, खाण्याचा सोडा, मीठ, सगळं करून बघा. ठिपका पुसट होईल, पण तुकडा बदलावाच लागतो.

२०१६ मध्ये याची जगभर चर्चा झाली. कॅनडातल्या एका वडिलांनी मुलाच्या टॉमी टिप्पी सिपरचा वॉल्व्ह चिरून उघडला. आत हिरवी-काळी बुरशी. फोटो फेसबुकवर आला आणि घराघरांतून वॉल्व्ह कापले जाऊ लागले. २७ मे २०१६ रोजी अमेरिकेत सुमारे ३१ लाख कप परत मागवले गेले. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या नोंदीप्रमाणे बुरशीच्या ३,०६६ तक्रारी आल्या होत्या, त्यांपैकी ६८ मुलांना उलट्या, जुलाब असा त्रास झालेला. तो वॉल्व्ह एकसंध होता आणि अपारदर्शक होता. म्हणजे उघडून बघता येत नाही आणि न उघडता दिसत नाही. तीन हजार घरांतल्या आया काय सगळ्या आळशी होत्या? रबरी नळीची तीच गोष्ट, फक्त नळी आखूड होऊन झाकणात शिरली.

इथे मला आपल्या आगमातली एक जागा आठवते आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कल्पसूत्राच्या सामाचारीत साधू-साध्वींनी चातुर्मासात ज्या आठ सूक्ष्मांकडे पुन्हा पुन्हा बघावं, जाणावं, प्रतिलेखन करावं असं सांगितलं आहे, त्यांत एक आहे पनक सूक्ष्म. पनक म्हणजे आपली लीलन-फूलन, बुरशी. दशवैकालिकाच्या आठव्या अध्ययनातही ते आठ सूक्ष्म येतात. कल्पसूत्रात पनकाचे पाच रंग सांगितले आहेत, काळा, निळा, लाल, पिवळा, पांढरा. आणि पुढे म्हटलं आहे की ज्या वस्तूवर ते धरतं, त्याच वस्तूच्या रंगाचंही पनक असतं. पांढऱ्या सिलिकॉनवर पांढरी बुरशी धरली तर ती कुणाला दिसणार? काळी पडेपर्यंत तिला पुष्कळ दिवस झालेले असतात. व्याख्यानात महासतीजी पनकाचा अर्थ सांगतात तेव्हा आपण भिंतीवरचं शेवाळ डोळ्यांसमोर आणतो, घरातला सिपर आणत नाही.

जयणेच्या दृष्टीनेही या गोष्टीला वजन आहे. बुरशी धरली की ती धुऊन काढण्यात अनंत जीवांची विराधना, न काढावी तर बाळाचं पोट. दोन्हीकडून अडचण. म्हणून आपल्याकडे सगळा भर ती होऊच न देण्यावर आहे. उष्टं पाणी अठ्ठेचाळीस मिनिटांपलीकडे तसंच ठेवू नये, पाण्याचा माठ रोज कोरडा करून गलणं वाळवावं, जेवण झालं की थाळी धुऊन ते पाणी पिऊन टाकावं. थाळी धुऊन पिताना आपण काय करतो, बोट फिरवतो. कणसुद्धा उरला तर बोटाला लागतो. बाळाचं भांडं घेताना मी दुकानात मनातल्या मनात हीच परीक्षा लावते की हे धुऊन पिता येईल का. साध्या स्टीलच्या पेल्याला येतं. वाटीला येतं. चिरेच्या वॉल्व्हला येत नाही, वाकड्या स्ट्रॉला येत नाही, झाकणाच्या आत दडलेल्या रबरी रिंगेला तर नाहीच.

मग सिपर टाकून द्यायचे का? माझं म्हणणं तसं नाही. गाडीत, प्रवासात, नोकरीवर जाणाऱ्या आईच्या पाळणाघराच्या पिशवीत त्याचा उपयोग आहे आणि सासूबाईंनी त्यावरून सुनेला टोमणे मारू नयेत. घरात मात्र सहा-सात महिन्यांपासून छोट्या उघड्या पेल्याची सवय लावली तर मूल वर्षाच्या आसपास बऱ्यापैकी पितं. सांडतं, पण फरशी पुसता येते. दातांचे डॉक्टरही गोड दूध किंवा सरबत सिपरमधून दिवसभर चोखत राहण्याच्या विरुद्ध आहेत.

घ्यायचाच असेल तर असा घ्या ज्याचा प्रत्येक तुकडा सुटा होतो, आणि शक्यतो पारदर्शक असलेला. स्ट्रॉचा घेतलात तर सरळ स्ट्रॉचा, आणि बारीक लांब ब्रश त्याच्याबरोबर आहे ना, ते पाहून. सिपरमध्ये फक्त पाणी द्या, दूध आणि पेज पेल्यात किंवा वाटी-चमच्याने. निम्मं काम इथेच होतं. पिऊन झालं की पाण्याने विसळून तरी लगेच ठेवा, बेसिनमध्ये झाकण लावून संध्याकाळपर्यंत राहू देऊ नका. दिवसातून एकदा सगळं सुटं करा, रिंगही काढा, गरम साबणाच्या पाण्यात चीर बोटांनी दाबून उघडी करत धुवा, मग स्वच्छ पाण्यात तशीच उघडझाप करत विसळा. उकळायचं ते वेष्टनावर चालतं असं लिहिलं असेल तरच.

आणि वाळवणं. घासण्यापेक्षा बुरशी वाळवण्याला जास्त घाबरते. तुकडे सुटेच, स्वच्छ सुती कापडावर पसरून, चीर वर करून ठेवा, ऊन असेल तर उन्हात. पावसाळ्यात पंख्याखाली. ओलं असताना जोडून, झाकण लावून कपाटात ठेवलेला कप म्हणजे बुरशीला दिलेलं निमंत्रण. म्हणून दोन कप ठेवावेत, एक वापरात, एक वाळत. वॉल्व्ह सुटे विकत मिळतात, दोन-तीन महिन्यांनी किंवा पहिला ठिपका दिसला की त्याच दिवशी बदला. न मिळाले तर तो कप बाद करा, किंवा वॉल्व्ह काढून टाकून नुसता चोचीचा कप म्हणून वापरा. थोडं गळेल इतकंच.

त्या मैत्रिणीने दुसऱ्याच दिवशी स्टीलचे दोन लहान पेले आणले, काठ गोल वळवलेले, बाळाच्या मुठीत मावणारे. भांड्यांच्या बाजारात दुकानदाराला "लहान मुलाचा पेला, आत खाच नको" एवढं सांगितलं की तो काढून देतो.